विद्यार्थ्याने विचारल्यावर कर्मचाऱ्याला अचूक सांगता यावे, यासाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवा विभागात नव्याने रुजू झाला आहात. दर सोमवारी सर्व प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना एक लांबलचक ईमेल जातो आणि त्यात विद्यार्थ्यांच्या मुदती, कार्यक्रम व बदललेले नियम असे सगळेच असते. तरीही विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खिडक्यांवर वेगवेगळी उत्तरे मिळतात आणि चुकीच्या माहितीमुळे काहींचे अर्ज हुकतात. हा ईमेल आठवड्यातून दोनदा पाठवावा का, त्याऐवजी व्हॉट्सॲप गट काढावा का आणि परिपत्रक वाचल्याची सही प्रत्येकाकडून घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे कुलसचिव कार्यालयात याच कामात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ईमेल वाचला जात नाही, ही तुमची तक्रार खरी असली तरी मूळ अडचण वेगळी आहे, असे मला वाटते. समजा, एखाद्या ग्रंथालय सहायकाने सोमवारचा ईमेल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. विषय बदलण्याच्या मुदतीबद्दल विद्यार्थी त्याला विचारणार तो तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, पुस्तके परत करता करता. त्या क्षणी वाचलेली तारीख आठवेल अशी अपेक्षा धरणे योग्य नाही, आणि ती अर्धवट आठवली तर ते अधिकच धोक्याचे आहे. कर्मचाऱ्याला खरोखर दोन गोष्टी लागतात. काहीतरी नवीन आले आहे किंवा बदलले आहे याची वेळेवर कल्पना हवी, आणि कोणी विचारले की अर्ध्या मिनिटात खात्रीचे उत्तर सापडेल अशी एक जागा हवी. पहिल्या गोष्टीसाठी संदेश लागतो, दुसरीसाठी संकेतस्थळावर कायम एकाच पत्त्यावर असलेले पान लागते. तुमच्याकडे ही दोन्ही कामे एकाच साप्ताहिक ईमेलवर टाकलेली आहेत, आणि तो दोनदा पाठवल्याने त्यातले एकही काम नीट होणार नाही.

पुढचे बरेचसे तुमच्या विद्यापीठाच्या रचनेवर अवलंबून आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. सर्व मुदती परीक्षा विभाग आणि कुलसचिव कार्यालय ठरवत असतील तर एक मध्यवर्ती पान पुरते. प्रत्येक विद्याशाखा आपापल्या तारखा ठरवत असेल, तर मध्यवर्ती पानावर सामायिक तारखाच ठेवाव्यात आणि बाकीच्यांसाठी त्या त्या विद्याशाखेच्या पानाचा दुवा द्यावा. दुसऱ्याच्या तारखा आपल्या पानावर उतरवून घेतल्या की त्याने त्या बदलल्यावर आपल्याकडे चुकीची तारीख राहते, आणि लोक नेमकी आपली प्रत वाचतात. म्हणून पानाच्या मजकुराला हात घालण्याआधी प्रत्येक तारखेचा धनी कोण, हे ठरवून घ्या. ती तारीख बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, बदलल्यावर पानावर कोण नोंद करणार आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा ते काम कोणाकडे, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावे लागतात. व्यक्तीच्या नावाऐवजी पदाचे नाव आणि विभागाचा सामायिक ईमेल पत्ता लिहावा, कारण माणसे बदली होऊन जातात आणि पाने मागे राहतात.

आता मुदतींकडे येते, कारण विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते. मुदतीच्या प्रत्येक नोंदीत ती कोणासाठी आहे, नेमकी कोणत्या वेळेपर्यंत आहे, अर्ज कुठे करायचा आणि मुदत हुकली तर काय, हे चारही मुद्दे एकत्र हवेत. पहिले तीन बहुतेक ठिकाणी लिहिलेले असतात, चौथा क्वचितच असतो. माझ्या अनुभवात कर्मचाऱ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न बहुधा मुदत उलटून गेल्यानंतरचे असतात. काही मुदती हुकल्या की मार्ग पूर्णपणे बंद होतो, काहींच्या बाबतीत विलंब शुल्क भरून आणखी काही दिवस अर्ज करता येतो, तर काहींमध्ये कारण आणि कागदपत्रे देऊन अधिष्ठात्यांची परवानगी मागता येते. हा फरक समोर लिहिलेला नसला की एखादा कर्मचारी प्रामाणिकपणेच "आता काही होणार नाही" असे सांगतो, आणि ज्याला अर्ज करता आला असता तो विद्यार्थी परत जातो. दुसरा एखादा कर्मचारी "बघू, होईल काहीतरी" म्हणतो आणि नसलेली आशा लावतो. दोन्ही वाईटच, पण पहिले मला अधिक गंभीर वाटते. खोटी आशा लागलेला विद्यार्थी निदान पुन्हा चौकशीला येतो. नकार मिळालेला, विशेषतः घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेला विद्यार्थी, बहुधा पुन्हा कोणाला विचारतच नाही.

वेळेच्या बाबतीत काटेकोर राहावे लागते. "शुक्रवारी मध्यरात्री १२ पर्यंत" असे लिहिले की गुरुवार संपतानाची मध्यरात्र की शुक्रवार संपतानाची, असा प्रश्न उरतो, आणि दोन समंजस माणसे त्याची दोन उत्तरे देतात. "शुक्रवार, रात्री ११.५९" असे लिहिल्यास शंकेला जागा राहत नाही. दूरस्थ शिक्षणाचे विद्यार्थी वेगळ्या कालविभागांत असतील, तर ही वेळ विद्यापीठाच्या स्थानिक घड्याळाची आहे, हेही लिहावे. वर्षातून दोनदा घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांतील विद्यार्थ्यांना तर ते हमखास लागते. माझा आग्रह याहून थोडा पुढचा आहे. ऑनलाइन अर्ज रात्री बंद होणार आणि मदतीची खिडकी संध्याकाळीच बंद होणार असेल, तर शेवटच्या काही तासांत अडकलेल्या विद्यार्थ्याला कोणीच भेटत नाही. शक्य असेल तिथे अर्ज कार्यालयीन वेळेत बंद करावा. ते शक्य नसेल, तर "मदत अमुक वाजेपर्यंतच मिळेल" ही ओळ मुदतीला जोडूनच छापावी.

मुदतींबाबत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कमी ठिकाणी लक्ष दिले जाते, आणि तुम्ही एकच सुधारणा करणार असाल तर ती ही करावी, असे मी म्हणेन. विद्यार्थ्याच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या मुदतीआधी कर्मचाऱ्याची एक मुदत दडलेली असते. शोधनिबंध सादर करण्याच्या अर्जावर मार्गदर्शकाची मान्यता लागते, शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र लागते, विषय बदलण्यासाठी विभागप्रमुखांची सही लागते, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळवण्यासाठी संबंधित विभागाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज शुक्रवारी बंद होणार असेल, तर मार्गदर्शकाने आपले काम मंगळवारपर्यंत संपवलेले असले पाहिजे, पण त्याला पाठवलेल्या संदेशात फक्त शुक्रवार लिहिलेला असतो. मग तो शुक्रवारी दुपारी अर्ज उघडतो, त्यात एक कागद कमी निघतो आणि तो मिळवायला वेळ उरलेला नसतो. म्हणून कर्मचाऱ्यांना पाठवायच्या दिनदर्शिकेत दोन स्वतंत्र रकाने करा, एक विद्यार्थ्याच्या तारखेचा आणि दुसरा कर्मचाऱ्याच्या कामाच्या तारखेचा. दुसरा रकाना भरण्यासाठी तुम्हाला प्रत्येक अर्जाचा प्रवास एकदा टेबलाटेबलावरून पाहावा लागेल. हे काम वेळखाऊ आहे, पण त्यातून कळणाऱ्या गोष्टी इतर कोणत्याही मार्गाने कळत नाहीत. स्मरणपत्रही याच दुसऱ्या तारखेवरून मोजावे. साध्या सहीसाठी आठवडाभर आधी सांगितले तरी चालते, शिफारसपत्रासारख्या लेखनाच्या कामासाठी मात्र तीन ते चार आठवडे द्यावेत.

या तारखा लोकांच्या रोजच्या दिनदर्शिकेत थेट दिसल्या तर निम्मे काम होते. त्यासाठी वेगळी प्रणाली विकत घ्यावी लागत नाही. आयकॅलेंडर नावाचे सामायिक मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि गूगल, मायक्रोसॉफ्ट व ॲपल या तिघांच्याही दिनदर्शिकांना ते समजते. मात्र फाइल उतरवून आयात करणे आणि दुव्याचे सदस्यत्व घेणे यांत मोठा फरक आहे. आयात केलेल्या तारखा त्या दिवशी होत्या तशाच राहतात, आणि तुम्ही मूळ तारीख बदलली तरी कर्मचाऱ्याकडे जुनीच दिसत राहते. सदस्यत्व घेतले असेल तर बदल आपोआप पोहोचतो, पण तो लगेच पोहोचेल अशी खात्री नसते, कारण प्रत्येक कार्यक्रम नवी माहिती आपल्या गतीने आणतो आणि त्यात कधी कधी बरेच तास जातात. त्यामुळे कर्मचाऱ्यांना सदस्यत्वाचाच दुवा द्यावा आणि आयत्या वेळच्या बदलासाठी स्वतंत्र संदेश पाठवावा.

नियमांचे गणित मुदतींपेक्षा वेगळे आहे. नियम बदलला की बहुतेक कार्यालये नव्या नियमावलीची पूर्ण प्रत जोडून पाठवतात आणि काय बदलले हे शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडतात. पूर्ण प्रत पानावर असावीच, कारण वाद झाल्यास तीच प्रमाण मानली जाते. संदेशात मात्र आधी काय होते, आता काय आहे, कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि कोणाला लागू नाही, एवढेच साध्या भाषेत लिहावे. यांतील शेवटचा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थी ज्या नियमावलीखाली प्रवेश घेतो तीच त्याला शेवटपर्यंत लागू राहते. त्यामुळे एकाच वर्गात बसलेल्या दोन विद्यार्थ्यांना उत्तीर्णतेचे किंवा हजेरीचे दोन वेगळे नियम लागू असू शकतात. "हजेरीचा नियम बदलला आहे" एवढेच कळवले, तर जुन्या तुकडीतील विद्यार्थ्याला चुकीचे उत्तर मिळणार, हे ठरलेलेच आहे.

नियमाच्या संदेशात मी आणखी दोन वाक्ये नेहमी घालते. विद्यार्थ्याने विचारल्यास काय सांगावे, हे पहिल्या वाक्यात असते. आपण काय सांगू नये आणि त्याला कुठे पाठवावे, हे दुसऱ्यात असते. उदाहरणार्थ, "वैद्यकीय कारणासाठी मुदतवाढ मागता येते, अर्जाचा दुवा इथे आहे, मुदतवाढ मिळेलच असे आपण सांगू नये, कारण तो निर्णय समितीचा असतो." अशा दोन वाक्यांनी कर्मचाऱ्याला खूप आधार मिळतो. पुष्कळदा त्याला नियम माहीत असतो, पण आपण किती बोलावे याची खात्री नसते, आणि त्या संकोचातून तो विद्यार्थ्याला दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो.

कोणाला आधी कळवायचे, याचाही क्रम ठरवून ठेवा. विद्यार्थ्यांच्या फोनवर सूचना पोहोचली की पुढच्या काही मिनिटांत प्रश्न सुरू होतात, आणि समोर बसलेल्या लिपिकाला ती गोष्ट विद्यार्थ्याकडूनच कळली तर त्याची अडचण होते व कार्यालयावरचा विश्वासही कमी होतो. साध्या सूचनेत कर्मचाऱ्यांना निदान एक कामाचा दिवस आधी कळले पाहिजे. नियम बदलत असेल तर काही आठवडे आधी कळवावे आणि त्यांच्या शंका मागवाव्यात, कारण त्या शंकांमधूनच प्रश्नोत्तरांचे पान तयार होते.

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात सांगते. सगळे कार्यक्रम सगळ्यांना कळवण्याची गरज नाही. ज्यामुळे तासिका, हजेरी, खोल्या किंवा ये-जा यांत फरक पडणार आहे, आणि जो विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा अशी कर्मचाऱ्याकडून अपेक्षा आहे, असेच कार्यक्रम साप्ताहिक संदेशात घ्यावेत. बाकीचे ज्याला हवे त्याने पाहावेत अशा वेगळ्या दिनदर्शिकेत जाऊ द्यावेत. आयोजकांचा आग्रह होईल आणि तो समजण्यासारखा आहे, पण कार्यक्रमांच्या गर्दीत परीक्षा अर्जाची तारीख दिसेनाशी झाली तर तिची किंमत विद्यार्थी मोजतो.

आता तुमच्या साप्ताहिक ईमेलकडे येऊ. तो बंद करू नका, त्याला आखूड करा. पुढच्या दोन आठवड्यांत कर्मचाऱ्याला ज्यावर काही करायचे किंवा बोलायचे आहे अशा चार-पाच गोष्टी, प्रत्येकी दोन-तीन ओळी आणि पानाचा दुवा, एवढेच त्यात असावे. विषयाच्या ओळीत "साप्ताहिक सूचना" असे न लिहिता त्या आठवड्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारखेसह लिहावी, म्हणजे ईमेल न उघडणाऱ्यालाही एक गोष्ट कळते. पत्रके चित्रस्वरूपात चिकटवू नयेत. चित्रातली तारीख शोधून सापडत नाही, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन सहकाऱ्याला चित्रासोबत लिहिलेल्या पर्यायी मजकुराशिवाय त्यातले काहीच ऐकू येत नाही. ईमेल फार जड झाला तर जीमेल सुमारे १०२ किलोबाइटनंतरचा मजकूर कापते आणि पूर्ण संदेश पाहण्यासाठी वेगळा दुवा दाखवते, त्यामुळे शेवटी ठेवलेली गोष्ट पुष्कळांना दिसतही नाही.

पीडीएफ जोडण्याचा मोह टाळावा, असे मी ठामपणे सांगेन. जोडलेली फाइल एकदा गेली की ती मागे घेता येत नाही. ती विभागाच्या फलकावर लागते, विद्यार्थ्यांच्या गटांत फिरते आणि पुढच्या वर्षीही कोणाच्या तरी संगणकातून बाहेर येते. दुवा दिला तर एका जागी दुरुस्ती केल्यावर सगळीकडे नवीनच दिसते. कागदावर छापावेच लागत असेल, तर त्यावर छापल्याची तारीख आणि पानाचा पत्ता मोठ्या अक्षरांत असावा. एखादी तारीख बदलली तर जुनी तारीख गुपचूप पुसू नका. "आधी १२ तारीख होती, आता १९ आहे" असे पानावर काही दिवस स्पष्ट दिसू द्या, नाहीतर ज्याला १२ आठवते आहे त्याला आपण चुकलो की पान चुकले, हे कळायला मार्ग राहत नाही.

यादीत कोण आहे, हे एकदा स्वतः तपासा. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांची ईमेल यादी वेतनपटावरून बनते, आणि मग तासिका तत्त्वावरचे शिक्षक, कंत्राटी कर्मचारी, वसतिगृहाचे अधीक्षक आणि संशोधन करता करता शिकवणारे विद्यार्थी तिच्यातून सुटतात. विद्यार्थी मात्र बऱ्याचदा त्यांनाच आधी विचारतात, कारण ते सहज भेटतात आणि त्यांची भीती वाटत नाही. या यादीवर कोण पाठवू शकतो, हेही मर्यादित ठेवावे. एकदा सर्वांना उत्तर देण्याची साखळी सुरू झाली की लोक ती यादी दुर्लक्षित करायला शिकतात. आणि विद्यार्थ्यांची नावे, गुण किंवा थकबाकी अशा सर्वसाधारण यादीवर कधीही जाऊ नयेत. हा सौजन्याचा प्रश्न आहेच, पण कायद्याचाही आहे. अमेरिकेत शैक्षणिक नोंदींचे संरक्षण करणारा फर्पा कायदा १९७४ चा आहे आणि युरोपीय संघात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. तुमच्या देशात जो कायदा असेल तो वाचून घ्या.

व्हॉट्सॲप गटाबद्दल माझे मत असे आहे की लहान विभागात, आजच्या आज कळवायच्या गोष्टींसाठी तो उपयोगी पडतो. परीक्षेची खोली बदलली किंवा अर्जाची प्रणाली बंद पडली, अशा वेळी ईमेलची वाट पाहता येत नाही. पण तो गट नोंदीची जागा होऊ शकत नाही. तिथे जुनी सूचना आणि नवी सूचना एकसारखीच दिसते, नंतर आलेल्याला आधीचे संदेश मिळतीलच असे नाही, आणि खासगी फोन कामासाठी वापरायला काहींची रास्त हरकत असते. म्हणून गट काढलाच तर त्यात फक्त कार्यालयानेच लिहावे, प्रत्येक संदेशात पानाचा दुवा असावा आणि गटात नसलेल्या कोणाचेही काही अडू नये.

हे सगळे उपयोगी पडते आहे का, हे ईमेल किती जणांनी उघडला यावरून कळत नाही. उघडल्याची मोजणी संदेशातील एका अदृश्य चित्रावरून होते, आणि २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये आणलेली गोपनीयतेची सोय सुरू असेल, तर ते चित्र वाचणाऱ्याने संदेश पाहिला नसला तरी आधीच उतरवले जाते. त्याऐवजी खिडकीवर एक साधी वही किंवा तक्ता ठेवा आणि विद्यार्थ्याने काय विचारले, त्याला आधी कोणी काय सांगितले होते आणि ते बरोबर होते का, हे लिहीत जा. सत्राच्या शेवटी तीच ती चूक कुठून येते, हे त्यात स्पष्ट दिसते. त्यासोबत अधूनमधून वेगवेगळ्या विभागांतील काही सहकाऱ्यांना विचारा की उद्या एखाद्याने विषय सोडण्याची शेवटची तारीख विचारली तर ते कुठे पाहतील, आणि ते खरोखर कुठे पाहतात हे शेजारी बसून बघा. कोणी जुना ईमेल शोधतो, कोणी शेजारच्या टेबलावर विचारतो, कोणी भिंतीवरचा कागद पाहतो. ज्या ठिकाणी त्यांचा हात आपोआप जातो, तिथे तुमच्या पानाचा दुवा ठेवायचा असतो.

राहिला वाचल्याच्या सहीचा प्रश्न. सर्वच परिपत्रकांवर सही घेऊ नये. सवयीने केलेली सही वाचल्याचा पुरावा ठरत नाही, आणि दर आठवड्याला मागितली की ती सवयीनेच होते. जिथे कर्मचाऱ्यावर स्वतः काही करण्याची जबाबदारी आहे, जसे की लैंगिक छळाची तक्रार कानावर आल्यास ती कुठे आणि किती वेळात कळवायची, परीक्षेतील गैरप्रकार कसा नोंदवायचा, किंवा आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे कसे न्यायचे, तिथे मात्र नोंद घ्यावीच. तीही नुसत्या सहीने न घेता, प्रत्यक्ष घडू शकेल असा एक प्रसंग देऊन "अशा वेळी तुम्ही प्रथम कोणाला कळवाल?" एवढा एकच प्रश्न विचारावा. ज्यांची उत्तरे चुकतील त्यांना स्मरणपत्र पाठवू नका, फोन करा. पाच मिनिटांच्या बोलण्यात त्यांची शंका फिटते, आणि परिपत्रकातील कोणते वाक्य नीट लिहिलेले नव्हते, हेही तुम्हाला कळते.